झटका मारणारी जुनी गाडी: आधी सिलिंडर शोधा, मग खिसा उघडा

"गाडी झटका मारस, भो." धुळे, जळगाव, नंदुरबार, कुठल्याही गॅरेजात जुन्या गाडीची तक्रार बहुधा याच वाक्याने सुरू होते. पुढचा प्रवासही ठरलेला असतो. आधी प्लग बदलतात, मग कॉइल, मग कुणीतरी सांगतं म्हणून सेन्सर, मग इंजेक्टरची सफाई. झटका तिथेच असतो. चौथ्या फेरीत कुणीतरी कॉम्प्रेशन (सिलिंडरातला दाब) मोजतं आणि कळतं की व्हॉल्व्ह जळालेला आहे. जे मोजमाप अर्ध्या तासात पहिल्याच दिवशी झालं असतं, ते सगळे पार्ट विकत घेऊन झाल्यावर होतं.

लाख-दीड लाख किलोमीटर पळालेल्या पेट्रोल गाडीचं मिसिंग, म्हणजे एखाद्या सिलिंडरातला स्फोट हुकणं, कसं शोधायचं, ते इथे लिहितो आहे. नियम एकच: कोणता सिलिंडर मार खातोय हे कळेपर्यंत एकही पार्ट विकत घ्यायचा नाही.

सिलिंडरात स्फोट व्हायला तीन गोष्टी लागतात. वेळेवर पडणारी ठणठणीत ठिणगी, पेट्रोल आणि हवेचं योग्य प्रमाण, आणि दाब. यातलं एक जरी ढिलं पडलं तरी तो सिलिंडर एक फेरा रिकामा काढतो. ८०० आरपीएमच्या आयडलिंगला (उभ्या गाडीत, पाय न देता इंजिन चालतं त्या गतीला) चार सिलिंडरच्या इंजिनात मिनिटाला १६०० स्फोट होतात, एका सिलिंडरच्या वाट्याला ४०० येतात. एक सिलिंडर पूर्ण मेला असेल तर इंजिन लंगड्या बैलासारखं ठराविक तालात हलतं. ताल नसेल, अधूनमधून कुठेही हुकत असेल, तर दोष बहुधा एका सिलिंडरचा नसून सगळ्यांना सामाईक असलेल्या एखाद्या गोष्टीचा असतो. हा फरक कानाने ओळखता आला तर निम्मं काम झालं. सायलेन्सरच्या तोंडाशी उभं राहून मिनिटभर ऐका.

तिथेच एक बिनपैशाची चाचणी करता येते. सायलेन्सरच्या तोंडापासून दोन-तीन बोटांवर कागदाचा तुकडा धरा. इंजिन निरोगी असेल तर कागद सतत बाहेरच ढकलला जातो. मधूनमधून आत ओढला जात असेल, तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळाल्याचा किंवा नीट न बसल्याचा संशय घ्या. एवढ्यावर निकाल देऊ नका, पण कॉम्प्रेशन गेज मागवून ठेवा.

सगळेच धक्के मिसिंगचे नसतात, हेही आधी पाहून घ्यायला हवं. इंजिन माउंटिंगचं रबर फाटलं की गाडी उभ्या जागी थरथरते, पण रेस दिली की इंजिन एकसारखं चढतं. क्लच प्लेट जळालेली असेल तर धक्का फक्त गाडी उचलताना बसतो. एसी लावल्यावरच धक्का येत असेल तर कंप्रेसर चालू-बंद होताना आयडलिंग सांभाळलं जात नाही, म्हणजे आधी थ्रॉटल बॉडी साफ करा. आणि तीन सिलिंडरच्या इंजिनाला आयडलिंगला थोडी थरथर असतेच. चार सिलिंडरवरून तीनवर आलेला माणूस हमखास फसतो.

झटका कधी येतो, हे लिहून काढा

गॅरेजात नेण्याआधी हे काम मालकानेच करायचं. थंड इंजिनला की गरम झाल्यावर? चढावर की सपाटीला? पेट्रोलवर की गॅसवर? पावसात की दुपारच्या उन्हात?

चढावर, वरच्या गिअरमध्ये, कमी आरपीएमला पाय दाबल्यावरच झटका येत असेल तर बोट ठिणगीकडे जातं. सिलिंडरातला दाब जितका जास्त, तितका प्लगच्या फटीतून ठिणगी उडवायला जास्त व्होल्टेज लागतो. हा व्होल्टेज बनवते कॉइल. सपाट रस्त्याला कशीबशी तग धरणारी कॉइल चढावर हार मानते. धुळ्याजवळचा लळिंग घाट किंवा चाळीसगावचा कन्नड घाट या तपासणीला उत्तम. तिसऱ्या गिअरमध्ये दीड-दोन हजार आरपीएमला गाडी ठेवून पाय हळूहळू दाबत जा. तिथे झटका मारला आणि गिअर उतरवून रेस वाढवल्यावर थांबला, तर आधी प्लग, कॉइल आणि वायर.

चढावर लांबपर्यंत जोर लावताना आधी दम तुटतो आणि मग सगळीकडून गचके येतात, असं असेल तर पेट्रोलचा पुरवठा कमी पडतोय. पंपाचा दाब आणि फिल्टर तपासा. आपल्याकडे टाकी कायम 'रिझर्व्ह'वर फिरवायची सवय आहे. टाकीतला पंप पेट्रोलमध्ये बुडूनच थंड राहतो. भुसावळ-जळगावच्या ४४-४५ अंशांच्या उन्हात तळाला चार लिटर पेट्रोल ठेवून गाडी पळवली की पंपाचं आयुष्य झपाट्याने घटतं.

सकाळी गुळगुळीत, दुपारी सिग्नलला उभी राहिली की लंगडी, ही गरम कॉइलची खूण. आतल्या तारेचं इन्सुलेशन तापल्यावर दगा देतं, थंड झालं की पुन्हा सुधारतं. म्हणून सकाळी गॅरेजात नेलेली गाडी 'काही दोष नाही' म्हणून परत येते. अशी गाडी दुपारी दोनला दाखवा, अर्धा तास चालवून, बोनेट बंद ठेवून. आणि तापलेल्या कॉइलवर ओलं फडकं टाकण्याचा जुन्या कार्बोरेटरच्या काळातला तोडगा कृपया करू नका. तो इंजिनवरच्या पेट्रोल पंपासाठी होता. इथे पाणी कनेक्टरमध्ये शिरलं तर नवीन आजार मिळेल.

उलट, फक्त सकाळी पहिलं मिनिटभर मिसिंग आणि मग सगळं ठीक, सोबत कूलंट हळूहळू कमी होतंय, असं असेल तर हेड गॅसकेटकडे (इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांच्या मधल्या सीलकडे) पाहा. रात्रभरात थोडं पाणी सिलिंडरात झिरपतं, सकाळी प्लग ओला असतो. याबद्दल पुढे आणखी लिहिलं आहे, कारण आपल्या भागात हा दोष वाजवीपेक्षा जास्त दिसतो.

स्कॅनर काय सांगतो आणि काय सांगत नाही

हजार रुपयांच्या आतबाहेर मिळणारा ब्लूटूथ स्कॅनर आणि फोनमधलं एखादं ॲप एवढ्यावर बरंच काम होतं. सोळा पिनांचं सॉकेट स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला असतं. एक अडचण लक्षात ठेवा. बीएस-४ (गाडीच्या धुराचा सरकारी निकष) देशभर लागू झालं १ एप्रिल २०१७ ला. मुंबई-पुण्यासारख्या मोठ्या शहरांत ते २०१० पासून होतं. बीएस-४ गाड्यांना ओबीडी-२, म्हणजे साध्या स्कॅनरला कळणारी दोष नोंदवायची व्यवस्था, एप्रिल २०१३ पासून सक्तीचं झालं. म्हणजे खानदेशात २०१७ च्या आधी नोंद झालेली गाडी बीएस-३ असू शकते, आणि तिच्याशी साधा स्कॅनर बोलेलच असं नाही. तिला कंपनीचा किंवा अनेक कंपन्यांच्या गाड्या वाचणारा मोठा स्कॅनर लागतो. तोही नसेल तर खालची हाताने करायची तपासणी पुरते.

स्कॅनर दोषाचा कोड दाखवतो. मिसिंगचा पी-०३०१ म्हणजे एक नंबर सिलिंडर, पी-०३०२ म्हणजे दोन, असं पुढे. एक नंबर म्हणजे बहुतेक गाड्यांत टायमिंग चेन किंवा बेल्टच्या बाजूचा; काही कंपन्या गिअरबॉक्सच्या बाजूने मोजतात, मॅन्युअल पाहा. पी-०३०० म्हणजे कुठेही, कधीही. पी-०३५१ ते पी-०३५४ हे त्या-त्या कॉइलच्या सर्किटचे कोड, ते आले तर कॉइलआधी तिचा कनेक्टर आणि वायर पाहा. कापूस, धान्य साठवलेल्या घरात उभी राहणारी गाडी असेल तर उंदराने कुरतडलेली वायर हा शोधाचा पहिला मुक्काम असायला हवा, शेवटचा नव्हे.

पी-०३०१ आला म्हणजे एक नंबरची कॉइल गेली, असा अर्थ घेऊ नका. ईसीयूला (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला) कॉइल दिसत नाही. क्रँक शाफ्ट एका ठराविक क्षणी किंचित मंदावला, एवढंच क्रँक सेन्सरवरून त्याला कळतं. तो क्षण कुणाच्या वाट्याचा होता, तेवढं तो सांगतो. का मंदावला, ते शोधणं आपलं काम.

चेक लाइट नुसता पेटलेला असेल तर सावकाश घरी जाता येतं. लुकलुकत असेल तर पाय काढा. तेव्हा न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळत असतं. ती जाळी वितळून तुंबली की प्लगचा खर्च कन्व्हर्टरच्या खर्चावर जातो.

कोड पुसण्याआधी फ्रीझ फ्रेम वाचा. झटका बसला त्या क्षणी आरपीएम, इंजिनचं तापमान, लोड किती होता हे त्यात साठवलेलं असतं. घाईत 'क्लिअर' दाबणारे मिस्तरी ही सगळी साक्ष पुसून टाकतात.

प्लग वाचायचे, नुसते बदलायचे नाहीत

इंजिन थंड असताना प्लग काढा. गरम ॲल्युमिनियमच्या हेडमधून जोर लावून काढला तर प्लगसोबत आटेही बाहेर येतात. काढण्याआधी खोबणीतली धूळ फुंकून घ्या. काळ्या मातीची भुकटी आणि जिनिंगजवळून आलेलं कापसाचं तूस तिथे साचलेलं असतं, ते आत पडू देऊ नका. काढलेले प्लग क्रमाने ठेवा. सगळे एका डब्यात टाकले की तपासणी तिथेच संपली.

बदामी किंवा फिकट तपकिरी टोक म्हणजे ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा ठिणगी कमजोर. पेट्रोलने ओला म्हणजे ठिणगीच नाही. तेलकट चिकट थर म्हणजे ऑइल आत येतंय, रिंगमधून किंवा व्हॉल्व्ह सीलमधून. पांढरं, फोड आल्यासारखं टोक म्हणजे मिश्रण पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी) किंवा इंजिन तापतंय. आणि चारपैकी एकच प्लग धुऊन काढल्यासारखा लख्ख असेल तर आनंद मानू नका. त्या सिलिंडरात पाणी जातंय.

चिनी मातीवर वरून खाली गेलेली बारीक काळी रेघ दिसली तर ठिणगी आत न उडता बाहेरूनच पळतेय. अशा वेळी प्लग आणि कॉइलचं रबर बूट दोन्ही बदलायचे, कारण बुटाच्या आतही तशीच रेघ असते आणि ती नव्या प्लगलाही नासवते. धातूच्या कडेजवळ चिनी मातीला गोल तपकिरी डाग असतो, तो मात्र निरुपद्रवी. तो पाहून 'प्लग लीक आहे' म्हणून घाबरवणारे भेटतात.

खोबणीत ऑइल साचलेलं असेल तर टॅपेट कव्हरचं गॅसकेट आणि प्लगच्या नळीचे सील गेलेत. ऑइलमुळे बूट फुगतो, मऊ पडतो आणि ठिणगी गळते. नुसता प्लग बदलला तर महिन्याभरात तोच झटका परत. पाणी साचलेलं असेल तर बहुधा सर्व्हिस सेंटरला प्रेशरने इंजिन धुतलंय. हवेच्या पाइपने सुकवा.

फट किती ठेवायची ते बोनेटखालच्या पट्टीवर किंवा मॅन्युअलमध्ये असतं. बहुतेक पेट्रोल गाड्यांत ०.८ ते १.१ मिमीच्या मध्ये. साधे निकेलचे प्लग २०-३० हजार किलोमीटरला थकतात, इरिडियमचे ८० हजार ते लाखापर्यंत जातात. इरिडियमची फट वाढवा-कमी करायच्या भानगडीत पडू नका, बारीक टोक तुटतं. बसवताना आधी हाताने शेवटपर्यंत फिरवा. १४ मिमी आट्याच्या, वायसर असलेल्या नव्या प्लगला ॲल्युमिनियम हेडमध्ये २० ते २५ न्यूटन-मीटर पुरे. टॉर्क पाना नसेल तर हाताने बसल्यावर आणखी अर्धा फेरा. १२ किंवा १० मिमी आट्याच्या बारीक प्लगला याहून बराच कमी जोर लागतो.

अदलाबदल

आता खरी गंमत. स्कॅनर म्हणतो तीन नंबर. तीनची कॉइल एकवर, एकची तीनवर. कोड पुसा, गाडी चालवा. कोड पी-०३०१ झाला तर कॉइल दोषी, निकाल लागला. तीनवरच राहिला तर प्लग अदलाबदल करा. तरीही तीनवरच? मग इंजेक्टर किंवा दाब. दोन तासांत, एक रुपयाही न घालवता.

प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल नसलेल्या जुन्या गाड्यांत बहुधा दोन सिलिंडरना मिळून एक कॉइल असते. जोडी १-४ आणि २-३ अशी. एक आणि चार दोन्ही मार खात असतील तर कॉइल पॅकवर शिक्का मारायला हरकत नाही. एकच मार खात असेल तर वायर किंवा प्लग. वायरींचा रोध मल्टीमीटरने मोजा. लांबीप्रमाणे काही हजार ओहम येतो, पण आकड्यापेक्षा तुलना महत्त्वाची. तीन वायरी ५-६ हजार दाखवतात आणि चौथी ४० हजार किंवा अनंत, तर चौथी फेका. रात्री अंधारात इंजिन चालू ठेवून वायरींवर स्प्रे बाटलीने पाण्याचा बारीक फवारा मारला की गळणारी ठिणगी निळसर नाचताना दिसते. हात लांब ठेवा.

चालू इंजिनची प्लग कॅप उपटून 'सिलिंडर कट' करायची जुनी पद्धत अजून सर्रास चालते. ती सोडा. २०-३० हजार व्होल्टला वाट मिळाली नाही तर तो कॉइलच्या आतून वाट काढतो, आणि न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जातं. त्याऐवजी इंजेक्टरचा कनेक्टर एकेक करून काढा. चांगल्या सिलिंडरचा काढला की इंजिन आणखी लंगडतं. ज्याचा काढून काहीच फरक पडत नाही, तो मेलेला. पेट्रोलही बंद झाल्याने नुकसान होत नाही. चेक लाइट लागेल, तो नंतर पुसता येतो.

पेट्रोल आणि हवा

इंजेक्टरचा टिकटिक आवाज लांब स्क्रू ड्रायव्हर कानाला लावून ऐका. चारांचा आवाज सारखा हवा. रोध मोजला तर बहुतेक इंजेक्टर ११ ते १७ ओहमच्या मध्ये येतात, आणि पुन्हा तेच, चारही जवळजवळ सारखे हवेत. आवाज आहे, रोध ठीक आहे आणि तरी सिलिंडर मेलेला, तर इंजेक्टर काढून बेंचवर फवारा बघावा लागतो. 'पेट्रोलमध्ये बाटली ओता, इंजेक्टर साफ' हा उपाय हलक्या चिकट्याला थोडाफार लागू पडतो. तुंबलेल्या इंजेक्टरला नाही.

रेलमधला (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीतला) दाब बहुतेक गाड्यांत ३ ते ४ बार. गेज लावूनच चढावर पाहता आलं तर उत्तम, नाहीतर उभ्या गाडीत झटकन रेस देऊन काटा पडतो का पाहा.

पेट्रोलचा संशय असेल तर पारदर्शक काचेच्या बाटलीत नमुना काढून पंधरा-वीस मिनिटं सावलीत ठेवा. इथेनॉल थोडं पाणी पोटात घेतं, पण मर्यादेबाहेर गेलं की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी वेगळा थर धरतात. पंप टाकीच्या तळातूनच ओढतो, म्हणून इंजिनला आधी तोच थर मिळतो. पावसाळ्यात महिनाभर अर्ध्या टाकीवर उभ्या राहिलेल्या गाडीत हे होतं. सगळा दोष इ-२० वर (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर) ढकलायची फॅशन आली आहे, ती मला पटत नाही. शुद्ध पेट्रोलला एका भागाला १४.७ भाग हवा लागते, इ-२० ला सुमारे १३.५. म्हणजे ईसीयूने थोडं जास्त पेट्रोल सोडायला हवं, आणि तंदुरुस्त गाडीचा ईसीयू तेवढं सोडतो. पण ज्या गाडीचे इंजेक्टर आधीच अर्धे तुंबलेत, पंप दमलाय, तिच्या ईसीयूला पेट्रोल वाढवायला उरलेली जागा इ-२० खाऊन टाकतं. दुखणं जुनं असतं, उघडं आत्ता पडतं. जुने रबरी पाइप आणि सील मात्र खरोखर पाहायला हवेत. इथेनॉलने ते फुगतात, कडक होतात.

स्कॅनरवर फ्युएल ट्रिम पाहा, म्हणजे ईसीयू ठरलेल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल जास्त (+) किंवा कमी (-) सोडतोय ते. शॉर्ट आणि लाँग मिळून अधिक-उणे १० टक्क्यांच्या आत असेल तर ठीक. आयडलिंगला +२० आणि २५०० आरपीएमला +५ वर येत असेल तर कुठून तरी फुकटची हवा शिरतेय. आयडलिंगला ठीक आणि जोर लावल्यावर +२० होत असेल तर पेट्रोल कमी पडतंय. यात एक मेख आहे. आपल्याकडच्या अनेक छोट्या गाड्यांत हवा मोजायला मॅप सेन्सर असतो. तो मॅनिफोल्डमधला दाबच मोजत असल्याने चोरून शिरलेली हवाही हिशेबात धरतो. अशा गाडीत गळती असली तरी ट्रिम फारसा हलत नाही, आयडलिंग मात्र चढलेलं राहतं. गळती एखाद्याच सिलिंडरच्या वाटेजवळ असेल तर तोच तेवढा पातळ होतो आणि मिस मारतो. इनटेक मॅनिफोल्डचं गॅसकेट, ब्रेक बूस्टरचा पाइप, पीसीव्हीचा (क्रँककेसमधली वाफ इनटेकमध्ये नेणारा) पाइप, सगळीकडे साध्या पाण्याचा फवारा मारून आयडलिंग बदलतं का पाहा. कार्ब क्लीनर मारणारे मारतात, पण तापलेल्या एक्झॉस्टजवळ ते पेटतं. धूर सोडून पाहणारं यंत्र कुठे मिळालं तर सर्वात चांगलं.

एअर फिल्टर तुंबला म्हणून गाडी मिस मारते, हे मी सहसा मानत नाही. तुंबलेला फिल्टर दम कमी करतो. नीट न बसलेला फिल्टर जास्त घातक, कारण त्याच्या कडेने गेलेली धूळ रिंग आणि सिलिंडरची भिंत घासते आणि त्याचं बिल दोन वर्षांनी येतं.

दाब

इथपर्यंत उत्तर सापडलं नाही तर कॉम्प्रेशन. इंजिन गरम करून प्लग सुखरूप निघतील इतकं निवू दिलेलं, बॅटरी पूर्ण चार्ज, चारही प्लग बाहेर, कॉइल आणि इंजेक्टरचे कनेक्टर काढलेले, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, प्रत्येक सिलिंडरला स्टार्टरने दाबाचे पाच-सहा फेरे. थ्रॉटल बंद ठेवून मोजलं तर चारही आकडे कमी येतात आणि चांगलं इंजिन उगाच उघडलं जातं, हे फार होतं. ज्या गाड्यांत ॲक्सिलरेटरची केबल नसून मोटर असते, तिथे पाय दाबून थ्रॉटल खरंच उघडतं का ते पाहून घ्या.

निरोगी पेट्रोल इंजिन साधारण १५० ते २०० पीएसआय देतं. चारही १५० असतील तर लाख-दीड लाखाच्या गाडीला मी चांगलं म्हणेन. तीन १७० आणि एक ११०, हे वाईट. फरक १०-१५ टक्क्यांच्या आत हवा. कमी आलेल्या सिलिंडरात चहाच्या चमच्याएवढं, ५ मिली, इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा वर गेला तर रिंग. हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा गॅसकेट. शेजारशेजारचे दोन कमी असतील तर त्यांच्या मधलं गॅसकेट फुटलंय.

पुढची पायरी लीक-डाउन. पिस्टन वर आणून, गाडी गिअरमध्ये रोखून, प्लगच्या भोकातून हवा सोडायची आणि कान लावायचा. सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, थ्रॉटलमधून आली तर इनटेक व्हॉल्व्ह, ऑइलच्या झाकणातून आली तर रिंग, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅसकेट.

हेड गॅसकेट आपल्याकडे एवढं का जातं? कूलंटऐवजी बोअरवेलचं पाणी. क्षाराचा थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो, मे महिन्यात काटा वर जातो, 'थोडं पुढे जाऊ' म्हणत चालवली की ॲल्युमिनियमचं हेड वाकतं. दुरुस्तीत नुसतं गॅसकेट बदलून हेड न तपासणं ही हमखास परत येणारी चूक. सरळ धारेची पट्टी आडवी-तिरपी ठेवून खालून फिलर गेज (मापाच्या पातळ पट्ट्या) घालतात. बऱ्याच इंजिनांत मर्यादा ०.०५ मिमीच्या आसपासच असते, म्हणजे डोळ्याला काहीच दिसत नाही. हेड न उघडता खात्री करायची तर रेडिएटरच्या तोंडावर लावायचं निळं द्रव मिळतं. जळलेला वायू पाण्यात येत असेल तर ते पिवळं पडतं.

गॅसवरच्या गाड्या

सीएनजीची गाडी असेल तर तपासणी उलट सोपी, कारण तुमच्याकडे दोन इंधनं आहेत. फक्त गॅसवर मिस मारते: ठिणगी कमजोर किंवा गॅसचा फिल्टर, रेड्युसर (गॅसचा दाब उतरवणारा भाग), गॅसचे इंजेक्टर. गॅस पेटायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज मागतो, म्हणून थकलेली कॉइल आधी गॅसवर उघडी पडते. किट बसवणारे प्लगची फट ०.७-०.८ मिमीवर आणतात ती यासाठीच. फक्त पेट्रोलवर मिस मारते: पेट्रोलचे इंजेक्टर महिनोन्‌महिने न चालल्याने चिकटलेत. रोज चार-पाच किलोमीटर पेट्रोलवर चालवायचा सल्ला म्हणूनच देतात. दोन्हीवर मारते: प्लग-कॉइल किंवा दाब.

गॅसवर लाखभर किलोमीटर झालेल्या गाडीत टॅपेटची फट (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागातली मोकळी जागा) मोजल्याशिवाय पुढे जाऊ नका. गॅस कोरडा जळतो, व्हॉल्व्हची बैठक झिजते, व्हॉल्व्ह हळूहळू वर सरकतो आणि फट कमी होत शून्यावर येते. मग गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण मिटतच नाही. खूण अशी: थंड असताना ठीक, गरम झाल्यावर आयडलिंगला लंगडी, रेस दिली की सुधारते. टॅपेट वाजत नाहीत म्हणून मालक खूश असतो. या गाडीत आवाज नसणं हाच धोका. थंड इंजिनवर मॅन्युअलमधली फट, बहुधा ०.१५ ते ०.३० मिमीमधली, लावून बघा. वेळेत लावली तर हेड वाचतं. जुन्या मिक्सर किटच्या गाडीला मिसिंग असताना गॅसवर चालवू नका, इनटेकमध्ये भडका उडून फिल्टरचा डबा फुटतो.

डिझेलवाल्यांसाठी एवढंच

डिझेलला प्लगची ठिणगी नाही, त्यामुळे इंजेक्टर आणि दाब एवढेच संशयित. चारही इंजेक्टरच्या परतीच्या नळ्या चार सारख्या बाटल्यांत सोडून दोन-तीन मिनिटं चालवा. ज्याची बाटली इतरांपेक्षा खूप भरली तो गळतोय. कॉमन रेल गाडीत चालू इंजिनचा इंजेक्टरचा नट ढिला करून 'कट' करायचा नाही. आयडलिंगलाच शेकडो बारचा दाब असतो, ती धार कातडीतून आत जाते.

विकत घेताना

सेकंडहँड गाडी बघायला जाताना स्कॅनर खिशात असू द्या. एमएच-१९ असो, एमएच-१८ असो की सुरतेहून आलेली जीजे-०५, कोड एकही नसणं म्हणजे गाडी निरोगी असं नाही. ॲपमध्ये 'रेडिनेस मॉनिटर' पाहा, म्हणजे ईसीयूच्या स्वतःच्या तपासण्या पूर्ण झाल्यात का ते. बरेच मॉनिटर 'अपूर्ण' दाखवत असतील तर नुकतेच कोड पुसलेत किंवा बॅटरी काढलीय. मालकाला शांतपणे विचारा, आणि दोन दिवस चालवून झाल्यावर पुन्हा पाहायला येतो म्हणा. इंजिन आधीच गरम करून ठेवलेलं असेल तर थंड होईपर्यंत थांबा किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी जा. मीटरवरचे किलोमीटर कमी आणि ब्रेक-क्लच पेडलची रबरं गुळगुळीत, तर कॉम्प्रेशन मोजल्याशिवाय इसार देऊ नका.

पी-०३०० राहिलाय. सिलिंडर सापडत नाही, सगळे आळीपाळीने हुकतात. पेट्रोलचा दाब, फुकटची हवा, पेट्रोलचा दर्जा हे झालं असेल तर बॅटरीपासून इंजिनला जाणारी अर्थिंगची पट्टी काढून घासा, चालू गाडीत १३.८ ते १४.५ व्होल्ट येतो का बघा, आणि मग टायमिंग चेन. चेन लांबली की व्हॉल्व्हची वेळ मागे सरकते. सकाळी स्टार्ट केल्यावर दोन-तीन सेकंद खडखड आणि सोबत पी-००१६ (क्रँक आणि कॅम शाफ्टचा ताळमेळ चुकल्याचा कोड) आला तर चेन, टेन्शनर आणि गाइड एकत्र बदलायचे. नुसती चेन बदलून पैसे वाचत नाहीत.

दोष निघाल्यावर कोड पुसून किमान ४०-५० किलोमीटर चालवा, त्यात थंड स्टार्ट, गावातली गर्दी आणि एखादा चढ येऊ द्या. मग 'पेंडिंग' कोड (दिसलेले, पण अजून पक्के न झालेले) पाहा. आणि डिपस्टिक काढून वास घ्या. बरेच दिवस मिस मारत फिरलेल्या गाडीत पेट्रोल भिंतीवरून खाली उतरून ऑइलमध्ये मिसळतं. पेट्रोलचा वास आला किंवा पातळी खुणेच्या वर चढलेली दिसली, तर ठरलेले किलोमीटर झाले नसले तरी ऑइल आणि ऑइल फिल्टर त्याच दिवशी बदला.